आमच्या खोलीचं बुकिंग

आमची खोली आता मोबाईलवर बुक होते. फोटोत चूल आहे, कंदील आहे, दाराला झेंडूची माळ आहे. खाली लिहिलंय, ‘अस्सल शेतकऱ्याचं घर’. आम्ही शेतकरी नव्हतो, गडी होतो. पण ‘गड्याची खोली’ असं लिहिलं तर कोण येईल, हेही खरंच आहे.

मी आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. त्यामुळे लिहिताना कुठला शब्द कुठं बसतो याची मला अजून धास्ती वाटते. तरी जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

आमचं मूळ गाव वर डोंगरात, आहुप्याच्या अंगाला. तिथं चुलत्यांची भातखाचरं आहेत आणि त्यांना त्यांचंच पुरत नाही. म्हणून लग्नानंतर आई-वडील खाली ओझरच्या बाजूला आले आणि एका बागायतदाराकडं राहिले. त्या बागायतदारांना सगळे आबा म्हणत, आम्हीही म्हणायचो. आबांच्या गोठ्याशेजारी कौलारू खोली होती. तिथंच भाऊ झाला, तिथंच मी झाले. मी सातवीत असताना वडील वारले. त्यानंतर त्यांच्या वाटचं कामही आईच करू लागली. आबांना वेगळा गडी बघावा लागला नाही.

त्या खोलीला खिडकी नव्हती. चूल पेटवायच्या आधी आई कोपऱ्यातली काठी घ्यायची आणि वरचं एक कौल सरकवायची. मग धूर वर जायचा आणि उन्हाचा एक पट्टा खाली यायचा. त्या पट्ट्यात बसून मी भिंतीवर कोळशानं पाढे लिहिले. सातचा पाढा लिहिताना ‘सात सक्कं चव्वेचाळीस’ असं लिहिलं. नंतर चूक कळली, पण कोळसा काही पुसला गेला नाही.

आबांचा एक शब्द ठरलेला असायचा. रोजानं आलेल्या बायकांना बाजाराच्या दिवशी पगार मिळायचा. आईचा नंबर आला की आबा म्हणायचे, “तुला काय घाई? तुमी घरचीच माणसं.” हजेरी मांडायची तर घरच्या माणसांची कशाला मांडायची? सणाला सुट्टी मागितली तर घरच्या माणसांना कसली सुट्टी? आईला हा शब्द आवडायचा. चुलत्यांकडं गेली की ती सांगायची, “आमाला तिकडं घरच्यावानी वागवत्यात.”

मग धरणाच्या पाण्याकडच्या जमिनी विकल्या जायला लागल्या. पुण्याची माणसं शनिवारी गणपतीचं दर्शन करायची, मग गाडी पाण्याकडं वळवायची आणि बांधावर उभी राहून हात लांब करून एकमेकांना काही दाखवायची. पुढच्या वर्षी तिथं भिंत उभी राहायची, भिंतीला गेट आणि गेटला कुत्र्याचं चित्र. पाण्यावर धुणं न्यायची आमची वाट दोन बंगल्यांच्या मधून जायची. ती बंद झाली. आई लांबच्या वाटेनं जाऊ लागली. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. “पैशावाली माणसं, त्यास्नी आडोसा लागतो,” म्हणायची.

आबांनी जमीन विकली नाही. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही दादा म्हणतो, हुशार होता. त्यानं निम्मी बाग काढली आणि उरलेलं रान वाट्यानं दिलं. म्हणायचा, टोमॅटोपेक्षा माणसं परवडतात, शनिवारी येतात आणि रविवारी जातात, ना फवारणी ना काही. एका सकाळी तो चहाचा कप घेऊन आमच्या दारात आला.

“मावशे, जरा खोली मोकळी कर. डागडुजी करायची हाय. भिताडं पार गेलीत.”

आईला एवढा आनंद झाला की तिनं त्याच्या मजुरांची वाटच पाहिली नाही. भांडी गोठ्यात हलवली, माती आणली आणि स्वतः भिंती लिंपल्या. जमीन सारवली. चुलीला नवी माती लावली. मी शाळेतून, म्हणजे तेव्हा ज्युनिअर कॉलेजमधून, आले तर ती कोपरापर्यंत मातीनं माखलेली. “आता पावसाळ्याची चिंता नाय,” म्हणाली.

दादानं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “झ्याक! मला वाटलं त्यापेक्षा लई भारी झालं. आता यात राहू नका बरं का, खराब होईल. पाहुण्यांसाठी ठेवायचीय.”

आईला वाटलं तो चेष्टा करतोय. ती हसली. तोही हसला. मग तो म्हणाला, “नारायणगावात पत्र्याच्या खोल्या मिळत्यात की. तुझी पोरगी पण तिथंच कॉलेजला जाईल. जवळ पडंल.”

त्याचं बरोबर होतं. जवळ पडलं.

आमची पत्र्याची खोली मजूर अड्ड्याच्या मागं आहे. सकाळी डोंगरातली माणसं अड्ड्यावर उभी राहतात. बागायतदार पिकअप घेऊन येतात, माणसं बघतात, बोलतात आणि घेऊन जातात. आई तिथं उभी राहू लागली. पहिल्या दिवशी एका बागायतदारानं तिला विचारलं, “पाटी उचलती का नुसती उभी राहती?” आणि बाकीच्या बायका हसल्या. आई घरी येऊन म्हणाली, “ईस वर्सं एका दारात राह्यले, मला उभं राह्यचंच येत नाय.”

त्याच महिन्यात दादाचा फोन आला. बुकिंग आलं होतं, आणि पाहुण्यांना चुलीवरची भाकरी लागत होती. आई गेली.

संध्याकाळी तिनं मला सगळं सांगितलं. पितळेची भांडी आणलीत, आपली जर्मनची डेचकी माळ्यावर टाकलीत. वडिलांचा फोटो होता त्या खिळ्याला सूप लटकवलंय. तिला नेसायला हिरवं नऊवारी दिलं. ती गुडघ्यापर्यंत वर खोचून नेसते, आमच्या डोंगरात तसंच नेसतात. तर दादा म्हणाला, “एवढं वर नको मावशे, फॅमिली येती.” आणि तुझे पाढे तसेच ठेवलेत, ती म्हणाली. पाहुण्यांना तेच लई आवडतात.

तेव्हापासून आमचा आठवडा मोबाईलवर चालायला लागला. बुकिंग असलं तर दादा सकाळी फोन करायचा, नसलं तर करायचा नाही. फोनची वाट पाहत थांबलं तर अड्डा उठून जायचा. अड्ड्यावर जाऊन पिकअपमध्ये बसलं की नेमका वाटेत फोन यायचा. एकदा आई मंचरच्या पुढं टोमॅटोच्या रानात होती तेव्हा दादाचा फोन आला. “तुला काम नकोय का? सांग तसं, बायका लई हायेत.” त्यानंतर शुक्रवार-शनिवारी ती अड्ड्यावर जायचीच नाही. फोन पदरात बांधून दारात बसून राहायची.

तिला एकच गोष्ट हवी होती. खोलीच्या मागं खताच्या गोणी ठेवायची एक अडगळ होती. ती मिळाली असती तर भाडं वाचलं असतं, काम रोजचं झालं असतं आणि माझं शेवटचं वर्ष पार पडलं असतं. आईनं दादाला तसं विचारलं होतं. दादा म्हणाला होता, “दिवाळीनंतर बघू. तुमी घरचीच माणसं.” ती अडगळ तिच्या डोक्यात इतकी बसली होती की तिथं मोरी कुठं करायची तेसुद्धा तिनं ठरवलं होतं.

भाऊ पुण्यात जेवणाचे डबे पोचवतो, मोटारसायकलवर. त्याला हे सांगितलं तर तो फोनवर हसत सुटला. पहिल्यांदा पुण्यात गेला तेव्हा तो ज्या चाळीत कॉटवर झोपायचा ती चाळ पाडून तिथं टॉवर झालाय. तो आता शहराच्या पार बाहेर, पाणी टँकरनं येतं तिथं राहतो आणि त्याच टॉवरमध्ये डबे घेऊन जातो. मोठ्या लिफ्टनं त्याला वर जाऊ देत नाहीत. “आईचं नशीब चांगलंय,” तो म्हणाला. “तिला निदान चुलीपाशी तरी बसू देत्यात.” आईनं स्पीकरवर ऐकलं आणि म्हणाली, “मेल्या, तू पहिला हेल्मेट घालत जा.”

त्याच दिवसांत कॉलेजात आमचे अर्थशास्त्राचे सर शहरांबद्दल शिकवत होते. म्हणाले, स्वस्त वस्ती असते, ती श्रीमंतांच्या नजरेत भरते, मग ती छान करतात. राहणारे लांब फेकले जातात आणि सकाळी तीच माणसं तिथंच कामाला येतात. काम आज आहे, उद्या नाही, म्हणून जवळचं भाडं झेपत नाही. आणि घर लांब, म्हणून बोलावलं की पोचता येत नाही, काम धरून ठेवता येत नाही. एकाच दोरीची दोन टोकं आहेत ही, सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “आपल्या गावाकडं असं कुठं दिसतं का?”

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सर, गावाकडं शुद्ध हवा असते.” सगळा वर्ग हसला, सरसुद्धा. माझा हात वहीवरच राहिला. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, हिरव्या नऊवारीसकट.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी बुकिंग मोठं होतं, म्हणून आई मला मदतीला घेऊन गेली. पाहुणे म्हणजे नवरा-बायको आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. माणसं वाईट नव्हती. बाईंनी मला ताई म्हटलं. मुलगा भिंतीपुढं उभा राहून पाढे वाचत होता. वाचता वाचता ओरडला, “बाबा, सात सक्कं चव्वेचाळीस!”

त्याच्या बाबांनी बघितलं आणि हसले. “गावच्या शाळा. बघ, तू किती लकी आहेस.” मग त्यांनी मुलाला त्या चुकीशेजारी उभं करून फोटो काढला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होते. ते म्हणाले, “ताई, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.”

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं कौल सरकवलं होतं, उन्हाचा पट्टा बरोबर तिच्या हातावर पडला होता. बाईंनी मोबाईल धरला आणि विचारलं, “मावशी, तुमचं घर कुठं आहे?”

आई मान वर न करता म्हणाली, “ह्येच की.”

“म्हणजे इथंच? हे तुमचं घर?”

“मग? ह्यी चूल म्या घातली. भिती म्या लिंपल्या. ईस वर्सं ऱ्हायलो आमी हितं. ह्यी पोरगी हितंच झाली, ह्या कोपऱ्यात.” आणि तिनं पिठाच्या हातानं माझ्याकडं बोट केलं. “बसा पावणं, गरम हाय तवर खावा. पोटभर खावा, लाजायचं नाय.”

ती खोटं बोलत नव्हती आणि नाटकही करत नव्हती. चुलीपाशी बसलं की तिला विसर पडतो. दारात आलेला माणूस तिच्यासाठी पावणाच, त्यानं भाडं भरलंय की नाही हे तिच्या ध्यानात राहत नाही. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्यांनी आईच्या पायाला हात लावला. आई कितीतरी वेळ त्या दिशेनं बघत होती. परत येताना ती म्हणाली, “आता दादा देतोच बघ अडगळ. पावणं लई खूश झालं.”

बाईंनी तो व्हिडिओ टाकला. तो लोकांना आवडला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरसुद्धा आला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘अशी साधी माणसं आता शहरात उरली नाहीत.’

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला. आवाज गोड होता. “मावशे, पोरीला घेऊन ये. आबांनी बोलवलंय.” आईनं धुतलेलं लुगडं नेसलं. तिला वाटलं, अडगळीची किल्ली देणार.

आबा पडवीत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी चहा मागवला. कपबशीतून. एरवी आमचे कप गोठ्याच्या फळीवर वेगळे असायचे. कपबशी बघून मला बरं वाटलं, हे आता आठवलं की कसंतरी होतं.

“ईस वर्सं म्हणालीस?” आबा म्हणाले. “साऱ्या जगाम्होरं?”

“व्हय आबा. खरं हाय ना त्ये.”

“खरं हाय म्हणून तर बोलवलं. खोटं असतं तर हसलो असतो आन् सोडून दिलं असतं.”

आईला कळलं नाही. दादानं समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या रानात एवढी वर्षं राहिलेला, राबलेला माणूस उद्या कोर्टात उभा राहू शकतो. कूळ लागू शकतं, जागेवर हक्क सांगू शकतं. कोणीतरी वकिलानं आबांना सांगितलं होतं, हा व्हिडिओ म्हणजे पुरावा आहे. आम्ही कूळ होतो की नाही, कायद्यात हे बसतं की नाही, मला अजूनही नीट माहीत नाही. आईला तर कूळ म्हणजे देवदेवक एवढंच माहीत. ती म्हणाली, “आबा, आमचं कूळ तिकडं डोंगरात. तुमच्यात कशाला लागंल?”

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतून दादाच्या आई, आमच्या काकू, पाणी घेऊन आल्या, त्याही हसल्या. आई पण हसली, सगळे हसतायत म्हणून.

मग दादानं मोबाईल काढला. “एक छोटा व्हिडिओ करायचाय, मावशे. एवढंच म्हणायचं, मी या खोलीत कधीच राहत नव्हते. फक्त कामाला येत होते. झालं.”

आई माझ्याकडं बघायला लागली. मी आबांकडं बघितलं. आबा झोपाळा हलवत होते. म्हणाले, “अडगळीचं बघायचंय ना दिवाळीनंतर? मग आदी ह्ये मिटवून टाक. घरच्या माणसांत वाद नको.”

आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “आमी ह्या खोलीत कंदीच ऱ्हात नव्हतो.”

“‘आमी’ नको,” आबा म्हणाले. “आमी म्हटलं की खानदान आलं. ‘मी’ म्हण.”

“मी ह्या खोलीत कंदीच ऱ्हात नव्हती.”

“कोर्टात ऐकायचं झालं तर नीट पायजे,” दादा म्हणाला आणि माझ्याकडं वळला. “तू कॉलेजला जातीस ना? आईला शुद्ध शिकव की जरा.”

मी शिकवलं. एकेक शब्द मी म्हणत होते आणि आई माझ्यामागं म्हणत होती. ‘कंदी’ नाही, कधी. ‘ऱ्हात’ नाही, राहत. लहानपणी मी पाढे म्हणायचे आणि ती भाकरी थापता थापता नुसतीच मान हलवायची. ती माझ्यामागं काही म्हणते आहे असं पहिल्यांदाच होत होतं. तिला ‘कधी’मधला ‘ध’ नीट म्हणायला वेळ लागला. शेवटी जमलं.

“हसून बोल की मावशे,” दादा म्हणाला. “जबरदस्ती केल्यागत दिसतंय.”

आई हसली. व्हिडिओ झाला. आबा म्हणाले, “बेस. शेवटी घरचं माणूस ते घरचंच.” चहा तोवर गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यायलो.

दिवाळी झाली. फोन आला नाही. पहिल्या शनिवारी आई दारात बसून राहिली. दुसऱ्या शनिवारी तिनं माझ्या मोबाईलवरून स्वतःच्या मोबाईलला रिंग देऊन बघितली, वाजतो का. वाजत होता. पुढच्या आठवड्यात ती सकाळीच अड्ड्यावर गेली. शुक्रवारी, शनिवारी, रोज.

अडगळीत दादानं पाहुण्यांसाठी बाथरूम बांधलं, हे आम्हाला अड्ड्यावरच कळलं. कोण सांगत होतं, तर अड्ड्यावरचीच एक बाई, घाटाखालच्या गावातली. दादानं तिला तिथूनच उचललं होतं. ती दर शनिवारी जायची, हिरवं नऊवारी नेसायची, चुलीपाशी बसायची. आणि पाहुणे आता मुद्दाम विचारतात, तो व्हिडिओ बघून येतात, म्हणून दादानं तिला वाक्य पाठ करून दिलं होतं. ‘हेच माझं घर. ही चूल मीच घातली.’ तिच्याकडून काही भीती नव्हती. ती त्या खोलीत एक रात्रही झोपली नव्हती.

मला वाटलं आई भांडेल. तिनं नुसतं विचारलं, “भाकरी फुगती का तुझी?” आणि दुसरीकडं बघायला लागली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी कॉलेजला जाता जाता आईला डबा द्यायला अड्ड्यावर थांबले होते. ती बाई आली. तिचे डोळे लालभडक होते. आईच्या शेजारी येऊन ती हळूच म्हणाली, “अक्का, जरा सांग की. खोलीत लई धूर व्हतो. पावणं खोकत्यात, बाहेर पळत्यात. दादा म्हणतो, पुढच्या टायमाला असं झालं तर येऊ नको. काय करावं लागतं तिथं? तुझीच खोली व्हती ना ती?”

मला काठी आठवली, कोपऱ्यातली. ते एक कौल आठवलं. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मी आधी आईकडं बघितलं.

आईनं पाटी डोक्यावरून खाली घेतली. पदर सारखा केला. आणि अड्ड्यावर उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, एकही शब्द न चुकता, अगदी मी शिकवलं होतं तसं म्हणाली,

“मी या खोलीत कधीच राहत नव्हते. फक्त कामाला येत होते.”

बायका हसायला लागल्या. त्यांना वाटलं ती टीव्हीतल्यासारखं बोलून त्या बाईची टर उडवतेय. “आगं, शिकली का काय म्हातारी! पोरगीनं बिघडवली!” ती घाटाखालची बाई आईकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं असावं.

तेवढ्यात पिकअप आला. बागायतदार ओरडला, कांद्याला सहा बायका पाहिजेत, पटकन चढा. आई सगळ्यांच्या आधी वर चढली. आता तिला उभं राहायचं चांगलं येतं. चढल्यावर तिनं वरून माझ्याकडं हात केला, डबा दे म्हणून.